गावाबाहेरचा सरकारी वकील

शिकागो पोलीस खात्यातील माजी कमांडर जॉन बर्ज याला २०१० च्या जूनमध्ये ज्युरीने दोषी ठरवले. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून १९९१ पर्यंत बर्ज आणि त्याच्या हाताखालचे डिटेक्टिव्ह यांनी शहराच्या दक्षिण भागातील शंभरावर संशयितांचा कबुलीजबाबासाठी छळ केला होता. हाताने फिरवायच्या पेटीतून विजेचे झटके देणे, टाइपरायटरवर घालायची प्लास्टिकची खोळ डोक्यावर ओढून श्वास कोंडणे हे त्यांचे मार्ग होते आणि छळ झालेले जवळजवळ सर्वजण कृष्णवर्णीय होते. परंतु २०१० चा निकाल या छळाबद्दल नव्हता, कारण त्या गुन्ह्यांवर खटला भरण्याची मुदत केव्हाच टळून गेली होती. बर्ज दोषी ठरला तो खोटी साक्ष देणे आणि न्यायात अडथळा आणणे या गुन्ह्यांसाठी. २००३ साली एका दिवाणी दाव्यात त्याने शपथेवर लेखी उत्तर दिले होते की, असा कोणताही छळ आपण केला नाही आणि तसे काही आपल्याला ठाऊकही नाही. या उत्तराबद्दल त्याला साडेचार वर्षांची शिक्षा झाली. माणसांच्या अंगात वीज सोडल्याबद्दल काहीच नाही आणि ती सोडली नाही असे लिहून दिल्याबद्दल साडेचार वर्षे, असा तो हिशेब आहे.

अमेरिकेतील एखादा गव्हर्नर किंवा पोलीस अधिकारी तुरुंगात गेल्याची बातमी आपल्या वृत्तपत्रांत येते, तेव्हा तिच्यामागोमाग एक ठरलेला उसासाही येतो. तिकडे बघा, कायद्यापुढे लहानमोठा कोणी नाही, आणि आपल्याकडे मात्र आरोपपत्र दाखल व्हायलाच दहा वर्षे लागतात. या उसाशाला आधार नाही असे म्हणता येणार नाही. शिकागो ज्यात येते त्या एकट्या इलिनॉय राज्याचे चार गव्हर्नर पदावरून उतरल्यानंतर दोषी ठरले आणि चौघांनीही तुरुंग पाहिला. तरीही दोषी ठरलेल्यांची यादी वाचून त्या व्यवस्थेची पारख करणे मला फसवे वाटते. खटला कोणी उभा केला, कोणत्या कलमाखाली केला आणि ज्यांच्या अंगणात गुन्हा घडला ते त्या वेळी काय करत होते, हे प्रश्न विचारले की एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. अमेरिकेत सत्ताधाऱ्याला शिक्षा होते ती बहुधा त्या गावाशी देणेघेणे नसलेला कोणीतरी सरकारी वकील येऊन उभा राहतो तेव्हा. त्या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य या परक्या माणसात आहे आणि तिची आजची दुखरी नसही तीच आहे.

इलिनॉयचेच उदाहरण थोडे उलगडून पाहावे. १९८२ च्या फेब्रुवारीत दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या माणसाच्या अंगावरील जखमा तुरुंगाच्या डॉक्टरांनी पाहिल्या आणि चौकशीची मागणी करणारे पत्र पोलीसप्रमुखांना लिहिले. पोलीसप्रमुखांनी ते पत्र शिकागो ज्यात येते त्या कुक काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्य सरकारी वकिलाकडे पाठवले. हे सरकारी वकील म्हणजे रिचर्ड एम. डेली, जे पुढे १९८९ पासून २०११ पर्यंत शिकागोचे महापौर होते. त्या पत्रानंतर एकाही पोलिसावर खटला भरला गेला नाही. हे समजून घ्यायला डेली यांना खलनायक ठरवण्याची गरज नाही. काउंटीचा सरकारी वकील रोज सकाळी न्यायालयात जी प्रकरणे घेऊन उभा राहतो, ती सगळी पोलिसांच्या साक्षींवर उभी असतात. तो निवडणुकीने पदावर येतो आणि निवडणुकीत पोलीस संघटनेचा पाठिंबा त्याला हवा असतो. बर्जच्या पथकाने मिळवलेल्या कबुलीजबाबांच्या जोरावर याच कार्यालयाने माणसांना मृत्युदंडापर्यंत नेले होते. ते कबुलीजबाब छळाचे होते असे मान्य करणे म्हणजे स्वतःचीच पाटी पुसणे.

ही कोंडी फुटली ती एका विचित्र साखळीने. जॉर्ज रायन नावाचे रिपब्लिकन गव्हर्नर त्या काळात स्वतःच भ्रष्टाचाराच्या तपासात अडकत चालले होते. ते राज्याचे सचिव असताना त्यांच्या कार्यालयातून ट्रकचालकांचे परवाने लाच घेऊन दिले जात आणि त्या पैशाचा काही भाग त्यांच्या निवडणूक निधीत जात असे. १९९४ साली अशाच परवान्यावर ट्रक चालवणाऱ्या माणसामुळे झालेल्या अपघातात एका कुटुंबातील सहा मुले दगावली. याच रायन यांनी जानेवारी २००३ मध्ये पद सोडता सोडता बर्जच्या छळातून कबुली दिलेल्या चार कैद्यांना मृत्युकोठडीतून पूर्ण क्षमादान दिले. त्यांच्यापैकी एकाने बर्जवर दिवाणी दावा लावला. त्या दाव्यात बर्जने शपथेवर ते उत्तर दिले आणि पाच वर्षांनी त्याच उत्तरावरून त्याला अटक झाली. ही अटक ज्यांच्या कार्यालयाने घडवली, त्या पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांनीच मधल्या काळात रायन यांनाही दोषी ठरवून घेतले होते. पुढे रॉड ब्लागोयेविच हे गव्हर्नरही त्यांच्याच खटल्यात अडकले.

फिट्झजेराल्ड हे केंद्र सरकारचे वकील होते आणि मूळचे न्यूयॉर्कचे. २००१ साली त्यांची शिफारस करणारे सिनेटर पीटर फिट्झजेराल्ड (आडनाव एक असले तरी नाते काही नव्हते) यांना मुद्दाम राज्याबाहेरचाच माणूस हवा होता, कारण शिकागोत वाढलेला कोणताही वकील कोणाचा ना कोणाचा तरी निघणार. इलिनॉयच्या राजकारण्यांना ही निवड पटली नाही, आणि तिच्या योग्यतेचे याहून चांगले प्रमाणपत्र मला सुचत नाही.

पोलिसांवरील जे गाजलेले खटले राज्यांच्या न्यायालयांत यशस्वी झाले त्यांतही हा परका माणूस कुठे ना कुठे सापडतो. शिकागोतच ऑक्टोबर २०१४ मध्ये जेसन व्हॅन डाइक या पोलिसाने सतरा वर्षांच्या एका मुलाला १६ गोळ्या घातल्या. गाडीतील कॅमेऱ्याचे चित्रण शहराने तेरा महिने दाबून ठेवले. न्यायालयाच्या आदेशाने ते बाहेर आले, अगदी त्याच दिवशी खुनाचा आरोप ठेवला गेला. पुढे काउंटीच्या सरकारी वकिलांनी खटल्यातून अंग काढून घेतले आणि शेजारच्या केन काउंटीचे वकील जोसेफ मॅकमॅहन यांना नेमण्यात आले. २०१८ साली व्हॅन डाइक दोषी ठरला. मिनियापोलिसमध्ये मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर डेरेक शॉव्हिन या पोलिसाने गुडघा दाबला, तेव्हा पोलिसांचे पहिले प्रसिद्धिपत्रक एवढेच सांगत होते की, पोलिसांशी संबंध आला असताना प्रकृती बिघडून एका माणसाचा मृत्यू झाला. सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर केलेले चित्रण नसते तर ते पत्रकच त्या घटनेचा इतिहास ठरले असते. हा खटलाही काउंटीच्या हाती राहिला नाही. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल कीथ एलिसन यांनी तो चालवला आणि २०२१ मध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने दरवर्षी हजाराच्या आसपास माणसे मरतात. त्यांपैकी अनेक प्रसंगी गोळीबार कायदेशीर असतो हे मान्य करूनही, खुनाच्या किंवा मनुष्यवधाच्या आरोपापर्यंत पोहोचणारी प्रकरणे इतकी थोडी असतात की शॉव्हिनचा निकाल हा नियमाचा पुरावा म्हणून दाखवणे धाडसाचे ठरेल.

केंद्राच्या हातात जे कलम आहे ते यादवी युद्धानंतरच्या काळातले. अधिकाराच्या आडून कोणाचा घटनादत्त हक्क हिरावणे हा केंद्रीय गुन्हा आहे, असे ते कलम सांगते. दक्षिणेतील गोरा शेरीफ (काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख) आणि त्याच्याच गावातील गोरी ज्युरी कृष्णवर्णीय माणसाला न्याय देणार नाही, हे १८६६ च्या अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पुरते ठाऊक होते. कलम चांगले, पण त्याची धार सर्वोच्च न्यायालयाने १९४५ साली बोथट केली. जॉर्जिया राज्यातील बेकर काउंटीचा शेरीफ क्लॉड स्क्रूज याने १९४३ साली बेड्या घातलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला न्यायालयाच्या आवारातच बेदम मारले आणि तो तरुण मेला. राज्याने काही केले नाही, म्हणून केंद्राने खटला भरला आणि शेरीफ दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले की, मारहाण सिद्ध होणे पुरेसे नाही. त्या माणसाचा विशिष्ट घटनादत्त हक्क हिरावण्याचा हेतू आरोपीच्या मनात होता हेही सिद्ध झाले पाहिजे. फेरखटल्यात स्क्रूज सुटला आणि पुढे राज्याच्या सिनेटवर निवडूनही आला.

हा हेतू सिद्ध करणे किती अवघड असते याचा अनुभव आपल्यातल्या एका कुटुंबाने घेतला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन येथे नातवाला सांभाळण्यासाठी गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. कोणीतरी संशयास्पद माणूस म्हणून फोन केला. इंग्रजी न येणाऱ्या या गृहस्थांना पोलिसाने जमिनीवर आपटले आणि त्यांच्या मणक्याला कायमची इजा झाली. सारे चित्रित झालेले होते. केंद्राने खटला भरला. दोन वेळा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनीच आरोपीला निर्दोष मुक्त केले. म्हणजे परका वकील आला, पुरावा होता आणि कलमही होते, तरीही हाती काही लागले नाही. परक्या वकिलाने सर्व काही साधते असे माझे म्हणणे नाही. तो नसेल तर इथवरही मजल जात नाही, एवढेच.

राजकारण्यांच्या बाबतीत बोथटपणाची ही प्रक्रिया अलीकडची आणि अधिक वेगवान आहे. व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल आणि त्यांच्या पत्नीने एका व्यावसायिकाकडून रोलेक्स घड्याळासह पावणेदोन लाख डॉलरच्या भेटी आणि कर्जे घेतली आणि त्याच्या उत्पादनासाठी बैठका घडवून आणल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, नुसती बैठक ठरवून देणे हे लाचेच्या कायद्यातील ‘अधिकृत कृत्य’ होत नाही. हा निकाल मला रुचत नाही, पण समजतो. मतदाराच्या तक्रारीसाठी खात्यात फोन लावणे हे लोकप्रतिनिधीचे कामच आहे आणि प्रत्येक फोन गुन्हा ठरू शकला तर सरकारी वकिलाच्या मर्जीवर राजकारण चालेल. २०२४ चा निकाल मात्र समजण्यापलीकडचा आहे. इंडियाना राज्यातील पोर्टेज शहराचे महापौर जेम्स स्नायडर यांच्या कारकिर्दीत शहराने एका कंपनीकडून सुमारे ११ लाख डॉलरचे कचरा वाहणारे ट्रक घेतले. त्यानंतर त्या कंपनीने महापौरांना १३,००० डॉलर दिले. सर्वोच्च न्यायालयातील सहा न्यायमूर्तींनी तिघांच्या विरोधात ठरवले की, काम होण्याआधी ठरलेली रक्कम ही लाच, पण काम झाल्यावर दिलेली रक्कम ही बक्षिसी, आणि केंद्राचे लाचविरोधी कलम बक्षिसीला लागू नाही. बक्षिसीवर नियंत्रण कसे ठेवायचे ते राज्यांनी आणि शहरांनी आपापले पाहावे. याचा अर्थ हे काम पुन्हा त्याच गावाकडे सोपवले गेले, जिथे महापौर, कंत्राटदार आणि सरकारी वकील एकाच सभागृहात जेवतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला हा भेद आपल्याकडच्या कोणत्याही नगरपालिकेतील कारकुनालाही हसू आणील.

त्यानंतर पाचच दिवसांनी, १ जुलै २०२४ रोजी, त्याच न्यायालयाने राष्ट्राध्यक्षाला पदाच्या मूलभूत अधिकारांत केलेल्या कृत्यांसाठी फौजदारी कारवाईपासून पूर्ण संरक्षण दिले आणि इतर अधिकृत कृत्यांसाठी किमान गृहीत संरक्षण. योगायोग असा की, भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली तीही त्याच तारखेला. आपल्याकडे लोकसेवकावर त्याच्या कर्तव्यातील कृत्याबद्दल खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या कायद्यातील हे कलम १९७ आता कलम २१८ झाले आहे. नव्या तरतुदीत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाईल, एवढी सुधारणा आहे. अमेरिकेत अशा परवानगीचा कायदा नाही आणि हा तिथला मोठा गुण मानला जातो. पण सरकारी वकीलच सरकारच्या मुठीत असेल तर परवानगीचे कलम लिहायची गरजच पडत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. गावाबाहेरच्या वकिलाला गावाची लाज नसते, तशी त्याच्यावर गावाची वचकही नसते. अलास्काचे वयोवृद्ध सिनेटर टेड स्टीव्हन्स यांना ऑक्टोबर २००८ मध्ये भेटवस्तू लपवल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि काही दिवसांतच ते थोडक्या मतांनी निवडणूक हरले. पुढच्या एप्रिलमध्ये ती दोषसिद्धी रद्द झाली, कारण आरोपीच्या बाजूचा पुरावा सरकारी वकिलांनीच दडवला होता. हे वकील न्याय खात्याच्या ‘पब्लिक इंटिग्रिटी’ विभागाचे होते, जो राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर १९७६ साली नेमका राजकारण्यांच्या गुन्ह्यांसाठी उभारला गेला. एका माणसाची कारकीर्द चुकीच्या खटल्याने संपली आणि सिनेटची जागा पक्षाच्या हातून गेली, ही किरकोळ चूक नव्हे. तरी त्या प्रकरणाचा शेवट पाहण्यासारखा आहे. रिपब्लिकन सिनेटरची दोषसिद्धी रद्द करा अशी विनंती न्यायालयाला केली ती ओबामांच्या न्याय खात्याने, आणि न्यायाधीशांनी वकिलांच्या वागणुकीची स्वतंत्र चौकशी लावली. परक्या वकिलावरचा अंकुश असा असावा. त्याने काय दडवले हे न्यायालयाने तपासावे. त्याने कोणाला सोडावे हे मंत्र्याने सांगू नये.

ही शेवटची गोष्ट अमेरिकेत कायद्याने नव्हे, संकेताने पाळली जात आली आहे. १९७३ साली उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्यामागे लागलेले बाल्टिमोरचे केंद्रीय वकील जॉर्ज बील हे स्वतः रिपब्लिकन, निक्सन यांनीच नेमलेले आणि रिपब्लिकन सिनेटरचे भाऊ होते. अ‍ॅग्न्यू मेरिलँडमधील कंत्राटदारांकडून घेतलेल्या पाकिटांच्या प्रकरणात सापडले. १० ऑक्टोबर रोजी करचुकवेगिरीचा आरोप आपण लढवत नाही असे सांगून त्यांनी राजीनामा दिला आणि १०,००० डॉलर दंडावर ते सुटले. इथेही शिक्षा आडवाटेनेच झाली, पण ती वाट न्याय खात्याचे प्रमुख, अ‍ॅटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी मोकळी ठेवली म्हणून झाली. त्यानंतर दहाच दिवसांनी, वॉटरगेटच्या विशेष वकिलाला काढण्याचा निक्सन यांचा आदेश मानण्याऐवजी रिचर्डसन यांनी पद सोडले. संकेत टिकतो तो असा, कोणीतरी त्याच्यासाठी खुर्ची सोडतो म्हणून.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा काही जणांनी खुर्च्या सोडल्या. न्यूयॉर्कचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांच्यावरील भ्रष्टाचाराचा खटला मागे घ्या, असा आदेश न्याय खात्याच्या वरिष्ठांनी दिला, तेव्हा मॅनहॅटनच्या प्रभारी केंद्रीय वकील डॅनिएल ससून यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ पब्लिक इंटिग्रिटी विभागातील अनेकांनीही. ससून या काही डाव्या विचारांच्या नव्हत्या. त्यांनी सर्वोच्च न्यायालयातील पुराणमतवादी न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्याकडे काम केले होते आणि त्या पदावर त्यांना ट्रम्प प्रशासनानेच बसवले होते. न्यायाधीश डेल हो यांनी एप्रिलमध्ये खटला कायमचा रद्द केला, पण स्थलांतरितांविषयीच्या धोरणात महापौरांनी साथ देण्याच्या बदल्यात हा सौदा झाल्यासारखे दिसते, असे निकालपत्रात नोंदवून. वर्ष संपायच्या आत त्या विभागात मोजकेच वकील उरले. मे महिन्यात व्हर्जिनियातील कलपेपर काउंटीचे माजी शेरीफ स्कॉट जेंकिन्स यांना ट्रम्प यांनी क्षमादान दिले. ७५,००० डॉलरहून अधिक लाच घेऊन धनिकांना पोलिसी बिल्ले वाटल्याबद्दल ज्युरीने त्यांना दोषी ठरवले होते आणि दहा वर्षांच्या शिक्षेसाठी ते तुरुंगात जाणारच होते. क्षमादानाची ही सढळ लेखणी एकाच पक्षाची नाही. पेनसिल्व्हेनियातील मायकल कॉनाहन या न्यायाधीशाने खासगी बालसुधारगृहाच्या बाजूने कौल लावून पैसे घेतले आणि त्या व्यवहारात क्षुल्लक चुकांसाठी मुले कोंडली गेली. त्याची उरलेली शिक्षा डिसेंबर २०२४ मध्ये बायडन यांनी सुमारे दीड हजार जणांच्या एकाच यादीत माफ केली. यादी कोणी नीट वाचली होती की नाही, हा प्रश्न त्या मुलांच्या पालकांनी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

वॉशिंग्टनच्याच सत्ताधाऱ्यावर खटला भरायचा असेल तर परका वकील कोण? अमेरिकेच्या रचनेत त्याचे उत्तर उलटे आहे. तिथे गावाचाच वकील परका ठरतो. डोनाल्ड ट्रम्प यांना ३० मे २०२४ रोजी ३४ आरोपांवर दोषी ठरवले ते मॅनहॅटनच्या स्थानिक सरकारी वकिलाने चालवलेल्या खटल्यात. आरोप व्यवसायाच्या हिशेबातील खोट्या नोंदींचा होता, म्हणजे पुन्हा आडवाटच, आणि शिक्षा म्हणून जानेवारी २०२५ मध्ये तुरुंग, दंड, देखरेख यांपैकी काहीही झाले नाही. त्यांच्यावरील केंद्राच्या दोन्ही खटल्यांतील आरोप कितीतरी गंभीर होते. त्यांतला एक न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्येच रद्द केला होता; त्यावरील सरकारचे अपील आणि दुसरा खटला निवडणूक जिंकल्यावर मिटले. तेव्हा कोणता वकील चांगला, केंद्राचा की स्थानिक, असा हा वाद नाही. एकाच गुन्ह्याकडे पाहणारे दोन वकील असावेत आणि दोघांचे मालक वेगळे असावेत, यात अमेरिकन रचनेचे शहाणपण आहे.

दोन मालकांचा उपयोग काय, हे केंटकीतील लुईव्हिल शहराने पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये मध्यरात्री ब्रिओना टेलर यांच्या घरावर पोलिसांनी छापा घातला आणि त्यांचा मृत्यू झाला. छाप्यातील ब्रेट हँकिसन या पोलिसाने पडदे ओढलेल्या खिडकीतून आणि काचेच्या दारातून दहा गोळ्या आत सोडल्या. त्या कोणाला लागल्या नाहीत, काही मात्र शेजारच्या घरात शिरल्या. राज्याच्या न्यायालयात तो २०२२ मध्ये निर्दोष सुटला. केंद्राच्या पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तो एका आरोपावर दोषी ठरला. शिक्षेची सुनावणी जुलै २०२५ मध्ये व्हायची होती आणि तोवर न्याय खात्याचे मालक बदलले होते. ज्या खात्याने दोनदा खटला चालवून ही दोषसिद्धी मिळवली, त्याच खात्याने आता न्यायालयाला विनंती केली की, आरोपीला एक दिवसाची शिक्षा द्यावी, जो दिवस त्याने अटकेच्या वेळी भोगलेलाच आहे. न्यायाधीश रिबेका ग्रेडी जेनिंग्ज, ज्यांची नेमणूक ट्रम्प यांनीच पहिल्या कारकिर्दीत केली होती, त्यांनी ती विनंती बाजूला ठेवली आणि ३३ महिन्यांची शिक्षा सुनावली.